ड्रायव्हर येतात कुठून?

सांगलीच्या मार्केट यार्डात, कराडच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत, शिरवळच्या कारखान्यांच्या गेटवर सध्या एकच तक्रार ऐकू येते. गाडी दारात उभी आहे, माल तयार आहे, पण ड्रायव्हर मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही. या तक्रारीवरून जो वाद रंगतो त्याच्या बाजू आता पाठ झाल्या आहेत. जुने मालक आणि त्यांची मुलं म्हणतात, पूर्वीचे ड्रायव्हर इमानी होते, पेढीच्या मिठाला जागायचे, आताच्या पोरांना कष्ट नकोत. नव्या लॉजिस्टिक कंपन्यांत काम करणारी शिकलेली मंडळी म्हणतात, कसलं इमान? ती वेठबिगारी होती, त्या पेढ्या बुडाल्या ते बरंच झालं. एका बाजूला जुन्या लॉऱ्यांच्या आठवणींनी गहिवरणं आणि दुसऱ्या बाजूला त्या आठवणींची हेटाळणी. या दोन्हींमध्ये ड्रायव्हर नावाचा माणूस घडतो कसा, हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सातारा-सांगलीच्या जुन्या ट्रान्सपोर्ट पेढ्या इमानावर चालत नव्हत्या आणि निव्वळ जुलमावरही नाही. त्या चालल्या कारण जमाखर्चाच्या वहीत कधीच न लिहिलेली दोन कामं त्या करत होत्या. त्या ड्रायव्हर तयार करत होत्या आणि रस्त्यावर त्याच्यामागे जामीन म्हणून उभ्या राहत होत्या. पेढ्या मोडल्या तेव्हा ही दोन्ही कामं कुणाकडेच गेली नाहीत. आजची टंचाई तिथून सुरू झाली. तरुणपणी मी सांगलीत एका पेढीवर बिल्ट्या, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाच्या पावत्या, लिहायला होतो. त्यामुळे हे सगळं टेबलाच्या अलीकडून पाहिलं आहे, आणि त्या काळातलं काय परत यावं आणि काय कधीच परत येऊ नये, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

आधी हा धंदा इथे एवढा वाढला का, ते बघू. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली आणि प्रवासी वाहतूक टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेली. मालवाहतूक मात्र खासगीच राहिली. ज्यांच्या हाताला मोटारधंद्याची सवय होती त्यांना आता मालाचीच वाट मोकळी होती. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक बनू लागले आणि डिझेलची दणकट गाडी आवाक्यात आली. पण खरं कारण होतं रेल्वेचं. पुणे-मिरज लोहमार्ग सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत मीटरगेज होता. सांगलीची हळद किंवा गूळ रेल्वेने मुंबईला पाठवायचा म्हणजे पुण्यात एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरणं आलं. त्यात पोती फाटायची, ढेपा फुटायच्या, दिवस जायचे. लॉरीत माल एकदा सांगलीत भरला की थेट मुंबईच्या गोदामात उतरायचा. पश्चिमेला तर रेल्वेच नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली ती १९९८ मध्ये. तोवर घाटावरचं धान्य, गूळ, कांदा खाली न्यायचा आणि खालचा नारळ, सुकी मासळी, आंबा वर आणायचा तो कुंभार्ली आणि आंबा यांसारख्या घाटांतूनच. चिपळूणच्या दुकानातली ज्वारी कराडहून लॉरीतून उतरलेली असायची. एवढ्या मोठ्या प्रदेशाचं पोट ज्यांच्या हातावर चालत होतं, ती माणसं बहुतेक माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ अशा कोरडवाहू तालुक्यांतली होती. शेतात पाणी नाही, म्हणून पोरगा गाडीवर गेला. आधी क्लीनर म्हणून.

या क्लीनरकडे आपण नीट पाहिलंच नाही. गाडी धुणारा, शिव्या खाणारा पोरगा एवढीच त्याची ओळख उरली आहे. प्रत्यक्षात ती चार-पाच वर्षांची शाळा होती. पहाटे गाडी सुटण्याआधी तो पान्याने प्रत्येक टायरवर ठोका मारायचा आणि आवाजावरून हवा ओळखायचा. मागच्या जोडचाकांमध्ये दगड अडकलाय का, ते वाकून बघायचा. ताडपत्री कुठून ओढली की पावसाचं पाणी हौद्यात साचत नाही, रस्सा कसा आवळला की वळणावर पोती सरकत नाहीत, गुळाची गाडी दुपारी उन्हात का उभी करायची नाही, हे त्याला कुणी वेगळं बसवून शिकवत नव्हतं. घाट चढताना भरलेली गाडी मागे येऊ लागली तर चाकाखाली सारायला लाकडी ठोकळा हातात घेऊन तो गाडीबरोबर पायी चालायचा. त्या चालण्यात इंजिनाचा आवाज कुठे घुसमटतो, ड्रायव्हर गिअर कधी पाडतो, हे कानात बसायचं. मग कधीतरी पेढीच्या आवारात गाडी मागेपुढे करायला मिळायची. नंतर रात्री मोकळी गाडी सरळ रस्त्याला, मग भरलेली गाडी सपाटीला, आणि अगदी शेवटी घाट. घाटातही आधी चढण, मग उतार. ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करशील तर ब्रेक तापून निकामी होतील, हे उस्तादाचं पहिलं आणि शेवटचं सांगणं असे. चुकलं तर मार बसायचा. त्या मारहाणीचं मी समर्थन करत नाही. पण शिकवण्याचा हा जो क्रम होता, तो आज कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आहे?

कायद्याने अवजड वाहनाचा परवाना हवा तर वय २० पूर्ण हवं आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात हवा. कागदावर ठीक आहे. पण त्या वर्षात तरुण शिकतो काय? मोटारसायकल आणि फार तर चारचाकी चालवतो. मधली पायरी क्लीनरच्या सीटवर होती आणि ती सीट आता रिकामी आहे. भाडं परवडत नाही म्हणून मालकाने क्लीनर काढला. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत अशी अट होती, तीही २०१८ मध्ये निघाली. म्हणजे रात्रभर सोबत जागा राहणारा आणि पाहून शिकणारा, असे दोघेही केबिनमधून उतरले. एकट्या माणसाच्या हातात आधीपेक्षा मोठी, आधीपेक्षा जड आणि जास्त वेगाची गाडी दिली. आणि वर आपण विचारतो, चांगले ड्रायव्हर गेले कुठे?

दुसरं काम होतं जामिनाचं. कुंभार्ली घाटातून उतरून येताना आमच्या पेढीच्या एका गाडीखाली सायकलवाला आला होता. माण तालुक्यातला ड्रायव्हर होता, बरीच वर्षं गाडीवर काढलेला. तो पळाला नाही. जमाव जमायच्या आत गाडी पुढे काढून त्याने थेट पोलीस ठाणं गाठलं आणि तिथून पेढीला फोन लावायला सांगितलं. सकाळी पेढीचा माणूस वकील आणि जामीनदार घेऊन हजर. घरी निरोप गेला, महिन्याचा पगार चालू राहिला, सायकलवाल्याच्या इस्पितळाचं पेढीने पाहिलं. तो पळाला नाही कारण आपल्यामागे कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. आता २०२४ च्या जानेवारीचा संप आठवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये अपघातात मृत्यू होऊन ड्रायव्हर न कळवता पळाला तर १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि सरकारने ती तरतूद तूर्त लागू न करण्याचं मान्य केलं. तेव्हा घरोघरी एकच सवाल होता, चूक नसेल तर पळायचं कशाला? सवाल योग्य आहे. जखमी माणसाला रस्त्यात टाकून जाणं हा गुन्हाच आहे, आणि त्याला शिक्षा हवीच. पण थांबलेल्या ड्रायव्हरला जमावाच्या हातून कोण सोडवणार, परक्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात त्याच्या बाजूने कोण उभं राहणार, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. पूर्वी ते पेढीकडे होतं. आज ड्रायव्हरच्या हातात एका दलालाचा मोबाइल नंबर असतो आणि अपघातानंतर तो लागत नाही.

इथवर वाचून जुने मालक खूश होतील, म्हणून पुढचं बोलणं भाग आहे. मी लिहीत होतो त्या रजिस्टरात ड्रायव्हरच्या नावापुढे तीन रकाने असायचे: भत्ता, डिझेल, उचल. उचलीचा रकाना कधी मोकळा दिसला नाही. बहिणीचं लग्न, बापाचं दुखणं, विहिरीचं खोदकाम, कारण काहीही असो, पेढी पैसे द्यायची हे खरं आहे. मालक त्या मदतीची आठवण आजही अभिमानाने सांगतात. पण उचल फिटेपर्यंत ड्रायव्हर दुसऱ्या गाडीवर जाऊ शकत नव्हता आणि फिटत आली की पुन्हा नवी गरज उभी राहायची. ज्याला आपण इमान म्हणतो त्यातलं निम्मं त्या रकान्यात होतं. कामाच्या तासांना तर धरबंदच नव्हता. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ सालचा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली, असं सगळं त्यात होतं. तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. मग काय झालं? गाड्या बायकोच्या, भावाच्या, मेहुण्याच्या नावावर झाल्या. एकाच आवारात उभ्या राहणाऱ्या, एकाच रंगाच्या गाड्यांचे कागदोपत्री पाच-सहा मालक, आणि कुणाकडेच पाच कामगार नाहीत. ते कागद लिहिताना माझ्याही पेनातली शाई खर्च झाली आहे. त्यामुळे पेढीला देवघरात बसवायला मी तयार नाही. मघाच्या त्या माणच्या ड्रायव्हरची नजर पुढे अधू झाली तेव्हा त्याला निवृत्तिवेतन नव्हतं, भविष्य निर्वाह निधी नव्हता. मालकाच्या मर्जीवर तो काही वर्षं आवारात राखणदार राहिला आणि पेढी बंद झाली तशी ती मर्जीही संपली.

नव्या जमान्याची बाजू मांडणाऱ्यांचे मुद्देही हलके नाहीत. जकात नाक्यावर रात्र रात्र गाडी अडकायची, ते गेलं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि राज्याच्या सीमेवरचे तपासणी नाके उठले. फास्टॅग आला, रस्ता चौपदरी झाला, खंबाटकीला बोगदा झाला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. पगार बँकेत जमा होतो. यातली प्रत्येक गोष्ट चांगली आहे आणि जुन्या काळात परत जावं असं कुठल्याही ड्रायव्हरला वाटणार नाही. पण नाक्यावर वाचलेला वेळ गेला कुणाकडे? तो झोपेत गेला असता तर मी या लेखातला हा भाग लिहिलाच नसता. तो वेळ जादा खेपेत गेला. तासगावची द्राक्षं संध्याकाळी भरून पहाटेच्या आत वाशीला पोहोचायची हे पूर्वीही होतं. फरक इतका की तेव्हा उशिराचं कारण ऐकून घेणारं माणूस समोर असायचं आणि गाडी उतरल्यावर रिटर्न भाडं ठरेपर्यंत आपोआप काही तास पाठ टेकायला मिळायची. आता परतीचा माल फोनवर आधीच ठरलेला असतो, पडद्यावर गाडीचा ठिपका दिसत असतो, आणि ठिपका थांबला की फोन वाजतो. केबिन थंड केली. त्यात बसलेल्या माणसाला झोपू द्यायचं कोण ठरवणार?

असं आपल्याकडे पहिल्यांदा घडत नाही. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्याआधी या देशाचं धान्य आणि मीठ लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या, तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून वाहिलं. मराठ्यांच्या फौजांना आणि इंग्रजांच्या फौजांनाही दाणागोटा पुरवला तो त्यांनीच. रेल्वे आली, गाडीरस्ते आले, त्यांचा धंदा बसला. त्यांना दुसरं काम कुणी दिलं? उलट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जी चौकट उभी केली, तिच्यात पुढे त्यांच्यातल्या अनेक गटांना अडकवलं गेलं. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. माल वाहणाऱ्याची गरज असेपर्यंत तो विश्वासू, गरज बदलली की तोच संशयित. ट्रक ड्रायव्हरचंही तेच केलं आपण. नव्वदच्या दशकात एड्सच्या भीतीने तो फक्त रोग पसरवणारा ठरला, आणि महिनोन्‌महिने घराबाहेर ठेवणाऱ्या त्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल फारसं कुणी बोललं नाही. आता तो दारू पिऊन माणसं चिरडणारा आहे. मुलीचं स्थळ बघताना मुलगा ड्रायव्हर आहे म्हटल्यावर बोलणं तिथेच थांबतं, मग पोरं या धंद्यात का येतील? आळशीपणाचा ठपका ठेवण्याआधी एवढा तरी विचार व्हावा.

आठवणींचंही तसंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. तिचं स्वागत झालं, फोटो छापून आले, आणि ते योग्यच होतं. पण जत आणि आटपाडीच्या वाड्यांवर उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकर घेऊन जाणाऱ्या, खेप चुकली तर हंड्यांची रांग ताटकळते हे ठाऊक असल्याने जेवण टाकून पुन्हा भरायला परतणाऱ्या ड्रायव्हरांपैकी एकाचं तरी नाव कुठे लिहिलं गेलं? २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ महामार्ग बंद पडला तेव्हा ट्रकांच्या रांगा दिवसच्या दिवस उभ्या होत्या आणि आसपासच्या गावांनी त्या ड्रायव्हरांना जेवू घातलं. गावांचं कौतुक झालं. मालाची गाडी सोडून जायची नाही म्हणून पाण्याकडेला बसून राहिलेल्या माणसांची गोष्ट बातमीच्या एका ओळीत संपली. जुन्या पेढ्यांच्या आठवणी आपण लिहितो तेव्हा त्यात मालकाचं कर्तृत्व येतं, गाडीचं मॉडेल येतं, केबिनवरची नक्षी येते. ड्रायव्हर फोटोच्या कडेला उभा असतो, नावाशिवाय. सत्तरी-ऐंशी ओलांडलेले हे लोक आज माण-खटावच्या पारांवर बसलेले आहेत. त्यांच्याकडून घाट उतरायची रीत लिहून घेतली तर तो नव्या ड्रायव्हरांच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा होईल. त्याला नुसती जुनी आठवण म्हणून बाजूला ठेवू नये.

मग करायचं काय? उत्तर आपल्याच मातीत आहे. सातारा-सांगलीचीच माणसं मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहत होती. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मालक असा कुणी नाहीच, त्यामुळे जबाबदारीही कुणाची नाही. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील त्यांना घेऊन उभे राहिले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी होती: कामगार कुणाच्याही दारात काम करो, नोंद कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, वर व्यापाऱ्याकडून लेव्ही म्हणजे मजुरीवरची जादा वर्गणी, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, सुट्टी, औषधपाणी. एका पेढीच्या मर्जीवर असलेली सुरक्षितता मंडळाच्या नियमात आली. एकेका गाडीचे मालक आणि गाड्या बदलत राहणारे ड्रायव्हर यांची आजची स्थिती त्या हमालांपेक्षा किती वेगळी आहे? १९६१ चा कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे, पण एकेका गाडीत विखुरलेल्या या माणसांसाठी मंडळ उभं करण्याचं काम राज्यालाच करावं लागेल. केरळमध्ये मोटार कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९८५ पासून आहे.

यावर ट्रकमालक चिडतील, आणि त्यांच्या रागाला कारण आहे. माथाडींच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या टोळ्या त्यांनी पाहिल्या आहेत. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कुणी द्यायची यावरून बाजारात रोज भांडणं होतात आणि ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मागणी घेऊन ट्रकमालक रस्त्यावर उतरले आहेत. शिवाय एका गाडीचा मालक हा बहुतेक वेळा कालचा ड्रायव्हरच असतो. बँकेचा हप्ता, डिझेल, टायर, विमा वजा जाता त्याच्याकडे काय उरतं, हे मला माहीत आहे. त्याच्यावर आणखी एक बोजा टाका असं मी म्हणतच नाही. त्याच्याच घोषणेचा न्याय पुढे न्यावा असं म्हणतो. हमालाचा खर्च माल ज्याचा त्याने द्यायचा, तर ड्रायव्हरच्या विश्रांतीचा, विम्याचा आणि शिकण्याचा वाटाही माल पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेच द्यायला हवा. हळदीचा व्यापारी, साखर कारखाना, शिरवळची कंपनी, वाशीचा आडत्या यांच्या उलाढालीत टनामागे बसणारी लेव्ही फार मोठी नसेल, आणि ती माल पाठवताना काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन ई-वे बिलाबरोबर गोळा करायला आज कुठलीच तांत्रिक अडचण नाही. पूर्वी असं म्हणता येत नव्हतं, आता येतं. नव्या तंत्राचा हा उपयोग तरी व्हावा.

सुरुवात सांगलीच्या आणि तासगावच्या बाजार समित्यांपासून करता येईल. हळदीचा आणि बेदाण्याचा सौदा तिथे उघड होतो, वजनाची पावती होते, कोणत्या गाडीत काय भरलं याची नोंद राहते. त्या पावतीवर ड्रायव्हर निधीचा एक रकाना वाढवायचा. त्या पैशातून यार्डातच पंखा, पाणी, संडास आणि गाद्या असलेली खोली, जिथे गाडी भरून होईपर्यंत ड्रायव्हर झोपेल. अपघात झाला तर बोलावता येईल असा, बाजार समितीने नेमलेला वकील. आणि गाडीवर शिकाऊ पोरगा ठेवणाऱ्या मालकाला त्या पोराच्या पगाराचा अर्धा भाग. सगळं एकदम जमणार नसेल तर शिकाऊ पोराच्या पगारापासून सुरुवात करावी, कारण झोपायची खोली पुढच्या वर्षीही बांधता येईल, पण घाट उतरायला शिकवणारे उस्ताद तोवर किती शिल्लक असतील ते सांगता येत नाही.